आकडा कुठून येतो
लघु माहितीपट : निवेदन

[दृश्य : बिलिंग काउंटर. बारकोड स्कॅनरचा लाल प्रकाश, प्रिंटरमधून सरकत येणारं बिल.]

एक बिल, तीन वस्तू. स्कॅन झालं, साठ्यातून तीन नग वजा झाले, बिल हातात पडलं. हे काम करणारी सिस्टीम एका वेळी एकाच व्यवहाराकडे बघते. नोंद झटपट आणि बिनचूक व्हावी, यासाठीच ती बांधलेली असते. तिलाच विचारायला गेलं, की गेल्या तीन वर्षांत कोणत्या विभागात कोणता माल कमी खपत गेला, तर ती लाखो ओळी चाळायला बसते आणि तेवढा वेळ काउंटर मंदावतो. शिवाय ग्राहकाचा जुना विभाग, वस्तूचा जुना गट तिच्याकडे बहुतेक वेळा उरलेलाच नसतो. नवा आला की जुना पुसला जातो.

[दृश्य : सर्व्हर रूम. रॅकच्या रांगा, लुकलुकणारे दिवे.]

म्हणून विश्लेषणासाठी डेटाचं घरच वेगळं करतात : डेटा वेअरहाउस. १९८८ साली आयबीएममधल्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी या रचनेची मांडणी प्रसिद्ध केली. पुढे संगणकतज्ज्ञ बिल इनमन यांनी तिची चार लक्षणं सांगितली. मांडणी विषयानुसार हवी, सगळ्या स्रोतांमधला डेटा एका मापात आणलेला हवा, प्रत्येक नोंदीला काळाचा संदर्भ हवा आणि एकदा आत आलेली नोंद पुसली जाता कामा नये. यातली शेवटची दोन कागदावर सगळ्यांना मान्य असतात. घाईच्या प्रकल्पात सगळ्यात आधी मोडतात ती हीच.

[दृश्य : व्हाइटबोर्ड. मध्ये एक चौकोन, भोवती चार. मार्कर धरलेला हात.]

मधला चौकोन म्हणजे फॅक्ट टेबल. यात मोजता येणाऱ्या गोष्टी : नग, रक्कम, सूट. भोवतीचे चौकोन म्हणजे डायमेंशन, हे आकडे ज्यांच्यानुसार बघायचे त्या बाजू : ग्राहक, वस्तू, शाखा, तारीख. या आकृतीला स्टार स्कीमा म्हणतात आणि ती रुळवण्यात याच क्षेत्रातले राल्फ किंबल यांचा मोठा वाटा आहे.

मार्कर आता मधल्या चौकोनावर थांबला आहे. इथे एकच प्रश्न सोडवायचा आहे : या टेबलमधली एक ओळ म्हणजे नेमकं काय? अख्खं बिल, की बिलातली एक वस्तू? याला ग्रेन म्हणतात आणि ते एका वाक्यात लिहून भिंतीवर लावावं, इतकं महत्त्वाचं आहे. कारण वाहतूक खर्च बिलावर एकदाच लागतो. वस्तूंच्या तीन ओळींना तो जसाच्या तसा जोडला, तर बेरजेत तो तिप्पट होतो. क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, चालते, एरर येत नाही, आकडा मात्र चुकलेला असतो. उपाय दोनच. खर्च ओळींमध्ये ठरलेल्या प्रमाणात वाटायचा, किंवा त्याचं बिलाच्या ग्रेनचं वेगळं टेबल करायचं.

[दृश्य : काळी स्क्रीन, वर सरकत जाणाऱ्या लॉगच्या ओळी. कोपऱ्यात घड्याळ, रात्रीचे १२ वाजून गेलेले.]

रात्रीचा लोड, म्हणजे वेअरहाउसमध्ये डेटा भरण्याचं काम, सुरू आहे. सोर्स, म्हणजे बिलिंगसारख्या मूळ सिस्टीममधून डेटा आधी स्टेजिंग या मधल्या जागेत उतरतो, जसाच्या तसा, काहीही न बदलता. साफसफाई नंतर. स्टेजिंगला हात लावायचा नाही, कारण सकाळी आकडा जुळला नाही तर मूळ माल तिथेच बघायला मिळतो.

रोज सगळा डेटा उचलणं परवडत नाही, म्हणून मागच्या लोडनंतर बदललेल्या ओळी तेवढ्या घेतात. नोंदीवरची वेळ बघायची, ती मागच्या लोडच्या वेळेच्या, म्हणजे खुणेच्या पुढची असेल तर ओळ उचलायची. दिसायला सोपं आहे. पण एखादा व्यवहार ११:५८ ला सुरू झाला, ओळीवर तीच वेळ उमटली आणि तो प्रत्यक्ष कायम झाला १२:०३ ला. दरम्यान १२:०० ला लोड येऊन गेला. त्याला ही ओळ दिसलीच नाही. पुढचा लोड १२:०० नंतरच्याच ओळी मागतो. ती ओळ कायमची राहून गेली.

म्हणून खूण थोडी मागे सरकवून वाचायचं, समजा एक तास. त्यामुळे काही ओळी दुसऱ्यांदा येतात. त्या नव्याने भरायच्या नाहीत. बिल क्रमांक आणि ओळ क्रमांक जुळवून, असेल तर अद्ययावत, नसेल तर नवी. लोड असाच लिहावा, की तो दोनदा चालला तरी निकाल तोच राहील. आणि सोर्समधून थेट डिलीट झालेल्या ओळी या पद्धतीने कधीच कळत नाहीत. त्यांच्यासाठी ठरावीक दिवसांनी दोन्हीकडच्या कींची, म्हणजे ओळी ओळखणाऱ्या क्रमांकांची तुलना करावीच लागते.

[दृश्य : क्लोजअप. स्क्रीनवर ग्राहक टेबल. एकाच ग्राहकाच्या दोन ओळी, एक ठळक केलेली.]

या दोन ओळी नीट बघा. ग्राहक एक, ग्राहक क्रमांक एक. पहिल्या ओळीत विभाग उत्तर, मुदत ३० जूनपर्यंत. दुसरीत विभाग दक्षिण, १ जुलैपासून पुढे, शेवटची तारीख ३१ डिसेंबर ९९९९, म्हणजे अजून चालू. दोन्ही ओळींना वेअरहाउसने स्वतःची वेगळी की दिली आहे, सरोगेट की. जूनचं बिल पहिल्या कीला बांधलेलं आहे, जुलैचं दुसऱ्या.

उत्तरवर दक्षिण गिरवून टाकलं असतं, तर त्या ग्राहकाची सगळी जुनी खरेदीसुद्धा एका रात्रीत दक्षिणेत गेली असती. गेल्या वर्षीचा अहवाल आज काढला तर वेगळा आला असता. उत्तरेच्या व्यवस्थापकाला मग स्वतःचेच आकडे ओळखू येत नाहीत. फोन नंबरची दुरुस्ती असेल तर खुशाल गिरवा. विभाग, गट, श्रेणी असं ज्याच्यावर बेरजा होतात, त्याचा इतिहास ठेवायलाच हवा.

[दृश्य : तपासणीचं पान. सोर्स आणि वेअरहाउस, शेजारी शेजारी दोन बेरजा.]

लोड संपला की दोन्हीकडच्या ओळी मोजायच्या, रकमांची बेरीज ताडून बघायची, दिवसवार. महिन्याची बेरीज पुरत नाही, कारण त्यात एका दिवसाची तूट आणि दुसऱ्या दिवसाची वाढ एकमेकींना झाकतात. ज्या बिलाचा ग्राहक सापडला नाही, ते फेकायचं नाही. ते ‘अज्ञात ग्राहक’ या राखीव ओळीला जोडायचं, म्हणजे बेरीज पूर्ण राहते आणि भोक उघडं दिसतं.

[दृश्य : बैठकीची खोली. भिंतीवर डॅशबोर्ड, रंगीत आलेख.]

आता हा पडदा. त्यावरच्या नफ्याच्या टक्केवारीकडे बघा. एका शाखेची विक्री १००० आणि नफा १००, म्हणजे १० टक्के. दुसरीची विक्री १००, नफा ४०, म्हणजे ४० टक्के. टक्क्यांची सरासरी काढली तर २५ येते. खरा आकडा १४० भागिले ११००, १२.७ टक्के. टक्केवारी साठवायची नसते. अंश आणि छेद साठवायचे, भागाकार शेवटी. साठ्याचंही तसंच. शाखांच्या शिलकेची बेरीज चालते, पण सोमवारची शिल्लक मंगळवारच्या शिलकेत मिळवता येत नाही.

कोणता माल मागवायचा, कुठली सूट बंद करायची, हे निर्णय याच पडद्यावरून होतात आणि पाया पक्का असेल तर लवकर आणि बिनवादाचे होतात.

[दृश्य : डॅशबोर्डचा खालचा कोपरा. बारीक अक्षरात तारीख आणि वेळ.]

प्रत्येक पानावर दोन गोष्टी हव्यातच. शेवटचा यशस्वी लोड कधी झाला, आणि ‘निव्वळ विक्री’ म्हणजे काय धरलं आहे : परत आलेला माल वजा केला का, कर धरला का, दिवस बिलाचा की माल पाठवल्याचा. ही व्याख्या विक्री आणि लेखा या दोन्ही विभागांनी एकत्र बसून लिहायची, तिची एकच प्रत ठेवायची आणि सगळ्या अहवालांनी तिथूनच उचलायची. ती बदलली तर कोणत्या तारखेपासून बदलली, तेही त्याच पानावर.