‘तानापिहिनिपाजा’मधला ‘ना’

(दादरमधल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

शाळेत इंद्रधनुष्याचे रंग आपण सगळ्यांनीच घोकलेत. तानापिहिनिपाजा. त्यातला ‘ना’ नारिंगीचा. पण आत्ता खाली स्टेशनजवळच्या फळवाल्याला ‘नारिंगं कशी दिली?’ असं तुमच्यापैकी कोण विचारेल? आपण संत्री मागतो. रंगाला एक नाव, फळाला दुसरं. इंग्रजांचं तसं नाही, त्यांना दोन्ही ऑरेंज. आणि तो ऑरेंज म्हणजे आपलाच नारंग.

नारंग संस्कृतात सापडतो, पण तो घरचा नव्हे, दक्षिणेतून आलेला असावा. मल्याळममध्ये आजही लिंबाला ‘नारंङ्ङ’ म्हणतात. संस्कृतातून फारसीत नारंग, अरबीत नारंज, तिथून स्पेनमध्ये नारांखा. इटलीत पोचेपर्यंत पुढचा ‘न’ गळाला, अरांचा झालं. फ्रेंचांनी त्यात त्यांच्या सोन्याचा ‘ऑर’ ऐकला असावा, म्हणून ओरांज. इंग्लंडात हे नाव रंगाला मिळालं ते सोळाव्या शतकात. तोवर नारिंगी छातीच्या रॉबिन पक्ष्यालाही ते ‘लाल छातीचा’च म्हणत. अजूनही म्हणतात.

डच खेळाडूंच्या नारिंगी जर्सीचं मूळ मात्र फळात नाही. त्यांच्या राजघराण्याचं नाव फ्रान्समधल्या ऑरेंज गावावरून पडलं, आणि त्या गावाचं रोमन काळातलं नाव अराउसिओ. उच्चार जुळले, रंग चिकटला.

संस्कृतात ‘नागरंग’ असंही एक रूप आहे. म्हणजे नागपूरचा रंग, असं म्हटलं की विदर्भात टाळ्या पडतात. पण नागपूर वसलं 1702च्या सुमारास. शब्द त्याच्या कितीतरी आधीचा.

मग संत्रं कुठून आलं? ठरलेलं उत्तर आहे : पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून. मुंबईकराला ते लगेच पटतं. पाव, बटाटा, काजू, पगार, चावी सगळं पोर्तुगीजांकडून घेतलेलं, मग हेही असेल. मला ते पटत नाही. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 साली. बाबर वारला 1530मध्ये, आणि त्याच्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांमध्ये ‘संगतरा’ आहे. तीस वर्षांत एका पोर्तुगीज गावाचं नाव आग्र्याच्या बाजारात फळाला पडावं? पोर्तुगीजांचं नाव फळावर खरोखर बसलं ते पश्चिमेकडे. गोड संत्र्याला तुर्कीत पोर्ताकाल म्हणतात, अरबीत बुर्तुकाल. आंबट ते नारंज, गोड ते पोर्तुगाली. आपला शब्द त्यांच्याकडे आंबटाच्या वाट्याला गेला!

आता आपल्या ज्यूस सेंटरचा बोर्ड आठवा. संत्रा म्हणजे ऑरेंज, मोसंबी म्हणजे स्वीट लाइम. वनस्पतिशास्त्राला विचाराल तर नागपुरी संत्रं हे मँडरिन, आणि स्वीट ऑरेंज म्हणतात ती आपली मोसंबी. तीही मोझांबिकचं नाव लावून फिरते. ज्यूसवाल्याला हे सांगण्यात अर्थ नाही, मी एकदा प्रयत्न केलाय. परवा मात्र मुद्दाम विचारलं, ‘नारंगी आहे का रे?’

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘काका, नारंगी तिकडे,’ म्हणाला, आणि मिक्सरवरचा हात न काढता मानेनेच कोपऱ्यावरचं देशी दारूचं दुकान दाखवलं.