डिटेक्टिव्ह लावताय? आधी त्याची हद्द समजून घ्या

नमस्कार. "नुसता मोबाइल नंबर द्या, सहा महिन्यांचे कॉल डिटेल काढून देतो." असं कुठल्या डिटेक्टिव्हने सांगितलं, तर चहा अर्धा टाकून उठा. का, ते सांगतो.

भारतात खासगी गुप्तहेराला परवाना देणारा केंद्रीय कायदाच नाही. २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, बरीच वर्षं पडून राहिलं आणि २०२० मध्ये मागे घेतलं गेलं. २००५ चा कायदा आहे, पण तो सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सींचा. त्याचं लायसन्स दाखवून कुणी "सरकारमान्य डिटेक्टिव्ह" म्हणवत असेल, तर समजून जा.

मग हा धंदा बेकायदा आहे का? नाही. फक्त त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा एकही जास्तीचा अधिकार नाही. रस्त्यावर थांबून कोण कधी बाहेर पडलं ते टिपणं, आजूबाजूला चौकशी करणं, सातबारा पाहणं, कंपनीची नोंदणी तपासणं, कोर्टात कुणावर खटला चालू आहे का ते शोधणं, हे सगळं तुम्हीही करू शकता. पैसे द्यायचे ते त्याच्या वेळेचे आणि चिकाटीचे. स्थळाची चौकशी बहुतेक वेळा एवढ्यात होते.

गडबड होते ती शॉर्टकटमध्ये. कॉल डिटेल, म्हणजे सीडीआर, पोलिसांनाही ठरलेल्या प्रक्रियेनेच मिळतो. डिटेक्टिव्हकडे तो येतो कुठून? कुणीतरी आतून विकतो म्हणून. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी याच प्रकरणात काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. दुसऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकणं, पासवर्ड चोरणं यावर माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पोलीस किंवा आयकर अधिकारी असल्याची बतावणी केली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २०४. बेडरूमच्या खिडकीतून फोटो काढले, तर त्याचा वेगळा गुन्हा.

पाठलागाचं प्रकरण जरा नाजूक आहे. त्याच न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषाने जवळीक साधायला तिच्या मागे लागणं हा गुन्हा आहेच. पण तिचा ईमेल किंवा इंटरनेट वापर यावर पाळत ठेवणं हाही त्याच कलमात येतो. "मी तर नुसते तिचे मेसेज वाचत होतो" हा बचाव नाही, ती कबुली झाली.

आता एक गंमत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या खटल्यात जोडीदाराचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं. लगेच लोकांनी अर्थ काढला, की आता सगळं माफ. तसं नाही. तिथे नवऱ्याने बायकोबरोबरचं स्वतःचंच बोलणं रेकॉर्ड केलं होतं. तिसऱ्या माणसाने दोघांचा फोन टॅप करणं ही फार वेगळी गोष्ट. आणि कोर्टाने पुरावा वाचला म्हणून तो मिळवताना केलेला गुन्हा पुसला जात नाही.

माझं मत विचाराल तर डिटेक्टिव्हपेक्षा जास्त धोका क्लायंटला असतो. "मला काय माहीत त्याने कसं मिळवलं" हे बोलायला सोपं आहे. पण सीडीआर आणा म्हणून तुम्हीच व्हॉट्सॲपवर लिहिलेलं असतं, पैसेही तुमच्याच खात्यातून गेलेले असतात. चिथावणीचं कलम तुमच्यावर लागू शकतं.

म्हणून काम देताना, माहिती कोणत्या मार्गाने मिळवणार, ते करारात लिहून घ्या. रिपोर्टमध्ये तारीख, वेळ, जागा आणि फोटो कुणी काढला हे हवंच, कारण उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात त्यालाच उभं राहायचंय. आणि मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे, तो फोन विकू नका म्हणून त्याला बजावून ठेवा. प्रिंटआउट कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं.