बंडखोरांच्या बेटावरचं घड्याळ

नमस्कार, श्रोतेहो. गोव्यात तारवटींची घरं कमी नाहीत. जन्मभर बोटीवर काम केलेल्या माणसाच्या पेटाऱ्यात काय काय सापडतं, ते साष्टी-बार्देसच्या लोकांना मी सांगायला नको. अशाच एखाद्या पेटाऱ्यातून, नाहीतर जुन्या भाटकाराच्या कपाटातून, चांदीचं जाडजूड खिशातलं घड्याळ बाहेर येतं. बहुतेकदा ते साधं चेनचं घड्याळ असतं. पण क्वचित, अगदी क्वचित, तो क्रोनोमीटर निघतो, म्हणजे समुद्रात जहाज कुठे आहे ते काढायला वापरायचं नेमकं घड्याळ.

आता क्रोनोमीटर चुकत नाही, असं समजू नका. तो चुकतो, पण रोज सारखाच चुकतो. पुन्हा सांगते, रोज सारखाच. आज दोन सेकंद मागे, तर उद्याही दोनच. म्हणून कप्तानाला हिशेब करता येतो. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे 4 मिनिटांना 1 अंश. इंग्लंडमधल्या ग्रिनिचची, म्हणजे शून्य रेखांशावरची, वेळ घड्याळात पाहायची, जहाजावरची वेळ सूर्यावरून काढायची. दोन्हींतला फरक म्हणजे रेखांश. घड्याळाने एका मिनिटाची गफलत केली, तर आपल्या गोव्याच्या समुद्रात जहाजाचा ठिकाणा सुमारे 27 किलोमीटरनी चुकतो.

जाता जाता सांगते. पणजीत सूर्य माथ्यावर येतो तो साधारण बारा पस्तीसला, कारण आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची आणि आपण 73.8 वर. तेव्हा दुपारची झोप काढून चार वाजता दुकान उघडणाऱ्या गोंयकाराला कुणी उशिरा उघडतो म्हणून नावं ठेवू नयेत. सूर्याच्या हिशेबाने तेव्हा साडेतीनही वाजलेले नसतात!

असो. आज मला खरं म्हणजे एकच गोष्ट सांगायची आहे. लंडनच्या लार्कम केंडल नावाच्या कारागिराने 1771 मध्ये एक घड्याळ पूर्ण केलं. त्याला आज के-टू म्हणतात. घाट खिशातल्या घड्याळाचा, पण कुठल्याही खिशात न मावणारं. कॅप्टन कुकने नेलेलं के-वन हे त्याचं थोरलं भावंड. त्याला 500 पौंड पडले होते, म्हणून केंडलने आतली काही कलाकुसर कमी करून हे 200 पौंडांत बसवलं. स्वस्त केलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. थोरल्याइतकं ते नेमकं कधीच चाललं नाही.

आधी ते उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर जाऊन आलं. मग 1787 मध्ये इंग्रज आरमाराच्या बाउंटी जहाजावर चढलं, कप्तान ब्लाय यांच्याबरोबर. आणि 28 एप्रिल 1789 ला पॅसिफिकमध्ये त्या जहाजावर बंड झालं. फ्लेचर ख्रिश्चन आणि त्याच्या साथीदारांनी ब्लायला अठरा माणसांसकट एका उघड्या होडीत सोडून दिलं. होडीत पाणी दिलं, पाव दिला. घड्याळ नाही दिलं. ब्लाय त्याशिवायच हजारो मैल होडी हाकत तिमोरला पोचला, हा भाग वेगळा.

बंडखोरांना आता लपायचं होतं. ख्रिश्चनला पिटकेर्न बेटाची माहिती होती. इंग्रज कप्तान कार्टरेटने 1767 मध्ये ते पाहून नकाशावर टिपलं होतं, पण कार्टरेटकडे क्रोनोमीटर नव्हता! त्यामुळे बेटाचा रेखांश तीन अंशांहून जास्त चुकला होता. नकाशात बेट एकीकडे, समुद्रात दुसरीकडे. म्हणजे बघा हं, बेट सापडत नव्हतं ते घड्याळ नव्हतं म्हणून, आणि तिथे लपायला निघालेल्यांकडे सरकारी घड्याळ! शोधत शोधत त्यांनी 1790 च्या जानेवारीत बेट गाठलं, बाउंटी जाळून टाकली, आणि राजाच्या आरमाराला अठरा वर्षं पत्ता लागला नाही.

1808 मध्ये टोपॅझ नावाचं अमेरिकन जहाज योगायोगाने तिथे लागलं. बंडखोरांपैकी एकटा उरला होता. त्याच्याकडून घड्याळ कप्तान फोल्जरच्या हाती आलं. फोल्जर चिलीजवळच्या हुआन फर्नांडिस बेटावर पोचला, तर तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरने ते काढून घेतलं. पुढे ते चिलीत कॅस्टिलो नावाच्या माणसाकडे गेलं आणि त्याच्या मरणापर्यंत तिथेच राहिलं. 1840 मध्ये चिलीतल्याच वाल्पाराइसोला इंग्रज आरमाराच्या कप्तान हर्बर्टने ते विकत घेतलं आणि तिथून चीनच्या अफूच्या युद्धावर नेलं. आता ते ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. सरकारी, बंडखोराचं, गव्हर्नरने हिसकावलेलं, पुन्हा सरकारी. मला विचाराल तर त्याने बंडखोरांकडे काढलेली वर्षंच सर्वांत सुखाची असावीत, कारण तिथे कुणाला वेळेवर कुठे जायचंच नव्हतं.

आता तुमच्या कपाटाकडे येऊ, थोडक्यात, कारण माझी वेळ संपत आली आहे. इंग्रजी चांदी असेल तर झाकणात आतून छोटे ठसे दिसतील: चालणारा सिंह म्हणजे 92.5 टक्के चांदी, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि एक अक्षर म्हणजे ठशाचं साल. बिबट्याच्या डोक्यावर मुकुट असेल तर ते 1821 च्या आधीचं. शेजारी सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं-आकडे दिसले तर ते ओरखडे नव्हेत, घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांच्या खुणा आहेत. कधी झाकणात गोल कापलेला कागदही सापडतो, दुकानाच्या नावाचा. जुन्या मालकांचा माग लागतो तो यांच्यावरूनच.

आणि कृपा करून चिंच लावून घासू नका! देव्हाऱ्यातली भांडी घासा, ते ठीक. पण घड्याळ घासलं की वरचं कोरलेलं नाव झिजतं, आतल्या खुणा पुसतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही लोक लखलखीत चांदीलाच भुलतात. मला तर काळवंडलेलीच बरी वाटते.

चावीही देऊ नका. पुन्हा सांगते, चावी देऊ नका. आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं, आणि अशा जुन्या घड्याळात बारीक साखळी असते, ती तुटली तर ती जोडणारा माणूस शोधेपर्यंत नाकी नऊ येतील. आधी जाणत्याकडून उघडून, साफ करून घ्या, आणि त्याच्यासमोरच झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो काढून ठेवा.