आधी ड्रॉवर बाहेर काढा

हे समोर दिसतंय ना, चार ड्रॉवरचं कपाट, हे माझ्याकडे आलं तेव्हा विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की दीडशे वर्षांचं आहे म्हणून. पितळी मुठी, काळपट तुकतुकीत पॉलिश, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, म्हणजे जुनं फर्निचर म्हटलं की डोळ्यापुढे जे येतं ते सगळं. मी जेमतेम दोन मिनिटं बघितलं, तेही समोरून, आणि हो म्हणून मोकळी झाले. आज तेच कपाट मागून, खालून आणि आतून बघूया.

आधी शब्दांचा घोळ. शंभर वर्षांच्या पुढचं ते अँटिक, आणि त्याच्या अलीकडचं पण वीस-तीस वर्षं तरी उलटलेलं ते व्हिंटेज, असं बाजारात ढोबळमानाने धरतात. ‘अँटिक स्टाईल’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ते गेल्या महिन्यातसुद्धा बनलेलं असू शकतं, तेव्हा तिकडे फार बघू नका.

आता हा वरचा ड्रॉवर. पूर्ण बाहेर काढायचा आणि सरळ उलटा करायचा, विकणाऱ्याने तोंड वाकडं केलं तर करू दे. पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळतात तिथे कॅमेरा जवळ नेऊया. एकमेकांत अडकलेले हे दात दिसतायत? कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखा आकार, म्हणून डवटेल. सुताराने हाताने कापलेले असले की एक दात जाड, दुसरा बारीक, मधली अंतरं कमीजास्त, आणि बहुतेक वेळा मुळाशी आखणीची एक बारीक रेघ कोरलेली दिसते, ती कोणी पुसत नसे कारण ड्रॉवर बंद झाल्यावर कोण बघणार! मशीनचे दात मात्र सगळे एका मापाचे, शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे, आणि असे दात सर्रास दिसायला लागले ते साधारण 1890 नंतर. मधेच एक गमतीदार प्रकारही येऊन गेला, अर्धगोलाकार खाच आणि तिच्या मधोमध गोल खुंटी, तो साधारण 1870 ते 1900 एवढ्याच काळात चालला, त्यामुळे तसला सांधा सापडला की तारीख जवळपास हातात आलीच.

माझ्या ड्रॉवरचे दात? एका मापाचे. म्हणजे दीडशे वर्षं इथेच बाद.

मागे वळवूया. मागची फळी प्लायवुडची आहे आणि तिला मारलेल्या स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच आहे. हा फिलिप्स स्क्रू बाजारात आला 1930 च्या दशकात. अर्थात एका स्क्रूवरून फाशी द्यायची नाही, मागची फळी नंतर कोणी बदललेली असू शकते, जुनी कपाटं दुरुस्त होतच आलेली असतात. पण आता ड्रॉवरच्या पुढच्या फळीला आतून बघा, मुठीच्या स्क्रूशेजारी अजून दोन भोकं आहेत, लाकडी भुशाने बुजवलेली. म्हणजे ज्या पितळी मुठींवर मी भाळले त्या मुळात या कपाटाच्या नाहीतच, इथे आधी वेगळ्या काहीतरी होत्या.

मग फसले का मी? वयात फसले, कपाटात नाही. कारण मागची फळी सोडली तर लाकूड सगळं भरीव आहे, सांधे घट्ट आहेत, आणि ड्रॉवर ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या झिजल्यात पण तुटल्या नाहीत. झीज कुठे आहे हे बघायला मला सगळ्यात जास्त आवडतं, खरं सांगायचं तर. जिथे हात लागतो तिथे, जिथे लाकडावर लाकूड घासतं तिथे, पायांच्या खालच्या कडेला, अशी असायला हवी. सगळ्या कपाटावर सारखेच ओरखडे असतील, हात कधी पोचणार नाहीत अशा ठिकाणीसुद्धा, तर ते कोणीतरी साखळीने बडवून मुद्दाम जुनं केलंय. आणि आतलं लाकूड सहसा कोरंच असतं, पॉलिश न केलेलं, वयाने तपकिरी झालेलं. आतूनही चॉकलेटी रंग फासलेला दिसला की विचारायचं, का बाबा, काय लपवायचं होतं?

बाजूच्या फळीवरची ही चीर बघून घाबरू नका. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि रेषांच्या लांबीत जवळजवळ हलत नाही पण आडवं फुगतं, आकसतं. म्हणून तर जुने कारागीर दाराची मधली फळी चौकटीत नुसती बसवायचे, चिकटवायचे नाहीत. आपण जाऊन ती फेव्हिकॉलने पक्की केली की पुढच्या कोरड्या हवेत ती दुसरीकडून फाटणार.

चिरेपेक्षा ही भोकं जास्त बघा, टाचणीने टोचल्यासारखी, 1 ते 2 मिलिमीटरची. ही भुंगा बाहेर पडल्याची भोकं, आत जायची नव्हेत, त्याची अळी तोपर्यंत लाकडाच्या पोटात दोन-तीन किंवा त्याहून जास्त वर्षं खात बसलेली असते. भोकाची कड काळवंडलेली असेल तर बहुधा जुनं प्रकरण. कड ताज्या लाकडासारखी फिकट आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर आत मंडळी हजर आहेत. खात्री नसेल तर भोकं असलेल्या भागाखाली काळा कागद ठेवून काही आठवडे वाट बघायची, आणि तोवर ते कपाट बाकीच्या लाकडी सामानापासून लांब.

पॉलिशचं थोडक्यात. जुनं पॉलिश पुष्कळदा चपड्याचं असतं, म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारं, आणि ते स्पिरिटमध्ये विरघळतं. आतल्या बाजूला कापसाचा स्पिरिट लावलेला बोळा घासला आणि चिकटपणा आला तर चपडा समजा. मग ते घासून काढायची घाई करू नका, त्यावर नवा हात देता येतो. रंगवलेलं कपाट असेल तर सॅंडपेपर आधी बाजूला ठेवा, जुन्या रंगात शिसं असू शकतं, अमेरिकेत घरच्या रंगांत त्यावर बंदी आली तीच मुळी 1978 साली.

आता माझी दुसरी फजिती. दोन दारांचं, वर कोरीव काम केलेलं उंच कपाट घेतलं, घरी आणलं, कपडे हँगरला लावले आणि दार काही केल्या बंद होईना! जुन्या कितीतरी कपाटांत कपडे घडी करून ठेवायचे किंवा खुंटीला अडकवायचे, हँगर सर्रास झाले ते फार नंतर. हँगर आडवा मावायला आतून 55 सेंटिमीटरच्या आसपास खोली लागते, माझ्या कपाटाची होती 40. शेवटी त्यात फळ्या टाकल्या आणि आता चादरी असतात. म्हणून काय ठेवायचंय ते आधी ठरवा, टेप आतून लावा, बाहेरून नाही, आणि जिन्याचं वळणही मोजा. तसं मोठी जुनी कपाटं बऱ्याचदा सुटी होतात, वरची कंगणी, म्हणजे माथ्यावरची पुढे आलेली पट्टी, उचलली की आत लाकडी पाचरा दिसतात, त्या काढल्या की बाजू, मागची फळी, सगळं वेगळं.

लायब्ररीतले कार्डाचे छोटे ड्रॉवर हल्ली सगळ्यांनाच हवे असतात. ते 3 बाय 5 इंचाच्या कार्डासाठी केलेले, आणि 2015 साली अशी छापील कार्डं पुरवणाऱ्या सर्वात मोठ्या संस्थेने छपाई बंद केली, त्यामुळे ड्रॉवर रिकामे झाले ते झालेच. बटणं, बिया, स्क्रू, चार्जरच्या वायरी यांना मस्त, पण कागदपत्रं, कपडे यांना शून्य उपयोग, आणि एक-दोन ड्रॉवरमध्ये काय आहे हे तुम्ही विसरणार म्हणजे विसरणार.

पेटाऱ्यांबद्दल मात्र मी हट्टी आहे. घरात लहान मुलं येत असतील तर झाकण पडल्यावर आपोआप लागणारं कुलूप आधी काढून टाका. अमेरिकेत 1912 ते 1987 या काळात बनलेल्या सुमारे 1 कोटी 20 लाख पेटाऱ्यांची कुलपं बदलायला 1996 मध्ये सांगावं लागलं, कारण आत लपलेली मुलं गुदमरून गेली होती. आणि उंच कपाट भिंतीला बांधा, विशेषतः ड्रॉवरचं, कारण सगळे ड्रॉवर एकदम उघडले की वजन पुढे येतं आणि कपाट अंगावर.

तर हे माझं दीडशे वर्षांचं नसलेलं कपाट. पट्ट्यांवर मेणबत्ती घासली, मुठी त्याच ठेवल्या, मागच्या स्क्रूंना हात लावला नाही. वरचे तीन ड्रॉवर बोटाने सरकतात. चौथा हवा दमट झाली की फुगून बसतो, तेव्हा त्यात महिनोन् महिने लागणार नाही असंच सामान ठेवलंय. जुनी बिलं, जास्तीच्या चाव्या, आणि एक कुलूप, त्याची चावी काही सापडत नाही.