आधी बॅग मोजा, मग वाहन ठरवा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, ‘परदेश पर्यटनात वाहनाची निवड’. सगळा परदेश मी पाहिलेला नाही. 2024च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं बारा दिवस जपानला जाऊन आलो, तेवढ्याच भांडवलावर बोलणार आहे. माझं म्हणणं एका वाक्याचं आहे: वाहन नकाशा बघून ठरवू नका, बॅग बघून ठरवा. मला हे शहाणपण साठ हजार रुपयांना पडलं, तुम्हाला फुकट देतोय. (हशा)

आता त्या बॅगेची गोष्ट सांगायलाच हवी. बॅगेच्या मालकीणबाई पहिल्याच रांगेत बसल्यात. अगं, सांगणार आहे, डोळे मोठे करू नकोस.

तीस इंची बॅग. कपडे निम्मे. उरलेल्या जागेत चिवडा, गूळपोळ्या, खाकरे, मेतकूट आणि विजेची किटली. जपानात शाकाहारी माणसाचे हाल होतात असं हिला कुणीतरी सांगितलेलं, आणि ते काही खोटं नाही. तिकडे साध्या सुपाचं पाणीसुद्धा बहुधा सुक्या माशाचं असतं. त्यामुळे मेतकुटाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार चाकांबद्दल आहे. ती पुढे येईल.

तोक्योत आमचं हॉटेल शिंजुकू स्टेशनजवळ. शिंजुकू म्हणजे जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन, गिनीजमध्ये नोंद आहे. दिवसाला तीस लाखांच्या वर माणसं आणि बाहेर पडायला दोनशेहून जास्त दारं. मी डोंबिवलीकर. पस्तीस वर्षं सकाळची फास्ट पकडलेली, मला गर्दीचं काय कौतुक? पण आपल्या गर्दीत मी कधी तीस इंची बॅग घेऊन शिरलो नव्हतो. क्योतोला जायच्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही निघालो. नकाशावर हॉटेल ते फलाट सहा मिनिटं. आम्हाला लागली पस्तीस. कारण नकाशा माणसाचा रस्ता दाखवतो, बॅगेचा नाही. बॅगेला लिफ्ट लागते. लिफ्ट दुसऱ्या टोकाला, आणि तिच्यातून वर आलो की आपण भलत्याच कंपनीच्या रेल्वेच्या दारात. तिकडे सरकारी रेल्वेचे 1987 साली तुकडे झाले. त्याखेरीज खासगी रेल्वे, भुयारी रेल्वे, सगळे एकाच छपराखाली नांदतात. आपल्याकडे मध्य आणि पश्चिम दोनच, तरी दादरला नवखा माणूस रडकुंडीला येतो.

शेवटी नारिंगी पट्ट्याची चुओ लोकल मिळाली. डब्यात कुणी ढकलत नाही, कुणी ओरडत नाही. सगळे फक्त आमच्या बॅगेकडे बघतात. अहो, कुणी ‘ओ काका, बॅग वर टाका’ म्हणालं असतं तर बरं वाटलं असतं! तो शिष्ट शांतपणा फार लागतो. पुढे तोक्यो स्टेशनात ही लोकल सगळ्यात वरच्या फलाटाला लागते, तिथून सरकत्या जिन्यानं खाली, मग शिन्कान्सेनसाठी पुन्हा वर. शिन्कान्सेन म्हणजे आपण जिला बुलेट ट्रेन म्हणतो ती. 1 ऑक्टोबर 1964ला सुरू झाली, तोक्यो ऑलिंपिकच्या तोंडावर. तोक्यो-क्योतो मार्गावर तिच्या तीन जाती: नोझोमी म्हणजे आशा, हिकारी म्हणजे प्रकाश आणि कोदामा म्हणजे प्रतिध्वनी. आशा सगळ्यात जोरात पळते, प्रतिध्वनी प्रत्येक स्टेशनात थांबतो. नावं ठेवणारा माणूस रसिक असणार.

तर आम्ही हिकारीत बसलो. बॅग वरच्या फळीवर चढेना. शेवटच्या सीटमागे छान मोकळी जागा दिसली, तिथे ठेवली. आपल्याला मोकळी जागा दिसली की ती आपलीच! थोड्या वेळानं कंडक्टर आला. डब्याच्या दारात वाकून नमस्कार, मग आत. बॅगेपाशी थांबला आणि एक छापील कार्ड माझ्यासमोर धरलं. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज 160 सेंटिमीटरच्या वर असेल तर त्या मागच्या जागेसकट सीट आधी राखून ठेवायची. त्याला जादा पैसे पडत नाहीत. राखली नाही तर 1,000 येन. 2020 पासूनचा नियम आहे. आरक्षणाच्या खिडकीवरच्या मुलीनं मला विचारलंही होतं, ‘बिग बॅगेज?’ आणि मी ऐटीत म्हटलं होतं, ‘नो, नो, स्मॉल!’ हजार येन घेतानाही कंडक्टर असा वाकला की मीच त्याला ‘थँक्यू’ म्हणालो.

रात्री हॉटेलात हिच्या पर्समधल्या टेपनं मोजलं. 166. सहा सेंटिमीटर जास्त, आणि त्यात चाकं धरतात हे मला आत्ता कळलं! क्योतोला उतरायला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, पण डोंबिवलीकराला तेवढा वेळ म्हणजे चैन. तिथे आम्ही जिंकलो. (टाळ्या)

हॉटेलच्या काउंटरवरचा मुलगा आमची अवस्था बघून हसला आणि त्यानं ‘ताक्क्युबिन’ हा शब्द शिकवला. सामान पोचवणारी सेवा. काळ्या मांजरीचं चित्र असलेली गाडी तुम्हाला तिकडे गल्लोगल्ली दिसेल. 1976 पासून चालू आहे. हॉटेलात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात बॅग द्या, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पुढच्या गावच्या हॉटेलात हजर. अडीच-तीन हजार येन लागतात. परतीच्या प्रवासात बॅग मांजरीच्या हवाली केली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी खिडकीबाहेर बघितलं. फुजी पर्वत दिसतो हो त्या गाडीतून!

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. अरे बापरे. मूळ विषय राहिलाच.

भराभर सांगतो. जपान रेल पास म्हणजे आपल्या एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’. आमच्या एजंटानं डोळे झाकून काढायला लावला. सात दिवसांचा पास पूर्वी 29,650 येन होता, 1 ऑक्टोबर 2023 पासून 50,000 झाला. तोक्यो-क्योतो सुटं तिकीट साधारण 14,000. पूर्वी जाऊन-येऊन पास जवळजवळ वसूल व्हायचा, आता हिरोशिमापर्यंत जाऊन आलात तरी होत नाही. शिवाय नोझोमीला वरून वेगळे पैसे, आणि तोक्योच्या मेट्रोत पास चालतच नाही. आम्ही क्योतोला जाऊन आलो, बस. येनला साठ पैसे धरा, दोघांचे साठ हजार रुपये. सुट्या तिकिटांत निम्म्याच्या थोडं वर काम झालं असतं. तेव्हा सुटं तिकीट घ्या आणि शहरात सुईकासारखं आधी पैसे भरलेलं कार्ड ठेवा, लोकल, मेट्रो, बस, सगळीकडे चालतं. एकाच भागात फिरणार असाल तर त्या भागापुरते स्वस्त पास मिळतात, ते बघा.

रात्रीची बस तोक्यो-ओसाका आठेक तास. हॉटेलचं भाडं वाचतं, गुडघे वाचत नाहीत. स्वस्त विमान? तिथे पुन्हा बॅगेचं वजन, हातात फक्त सात किलो. आमचं मेतकूटच... असो. क्योतोच्या सिटी बसमध्ये मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे टाकायचे, 230 येन. मोठी बॅग घेऊन त्या बसमध्ये चढायचं नाही, विनंती आहे.

भाड्याची गाडी तोक्यो-क्योतोत नको, पार्किंगनं माणूस भिकेला लागेल. दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर मात्र घ्या, तिथे नाहा शहरातली मोनोरेल सोडली तर रेल्वेच नाही. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरही घ्या, पण बर्फात नको. आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, तो तिकडे चालतो. आणि प्यायलेल्या ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्यालाही तिथे शिक्षा होऊ शकते, हे आमच्या ग्रुपमधल्या काही सभासदांसाठी.

दुसरी चिठ्ठी आली, चहा थंड होतोय. पासाचा हिशेब कागदावर मांडून आणलाय, हवा त्यानं फोटो काढून घ्या. बॅगही आणलीय, बाहेर चपलांच्या स्टँडशेजारी ठेवलीय. चाकांसकट 166. कुणाला विकत हवी असेल तर भाव हिला विचारा.