किंजळीचा मांगर

[दृश्य: वरून. चिऱ्याचं जोतं, त्यावर तीन ओळींत बारा काळे दगड.]

तीस फूट लांब, अठरा फूट रुंद. सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, भाताच्या मळ्याला लागून हे जोतं बांधलंय. यावर मांगर उभा राहणार आहे. खाली पाच गुरं, एका गाळ्यात अवजारं आणि भाताच्या कणग्या, वर माळ्यावर पावसाळ्यापुरता पेंढा. लांबीचे दहा-दहा फुटांचे तीन गाळे आणि रुंदीत खांबांच्या तीन ओळी, म्हणजे बारा खांब.

प्रत्येक खांबाखाली काळ्या दगडाचा तळखडा आहे. जोतं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. मग तळखडा चिऱ्याचा का नाही? चिरा सच्छिद्र असतो. तो जमिनीतलं पाणी वर ओढतो आणि खांबाच्या बुडाला देतो. काळा दगड ते देत नाही. इथे तळखड्याचा माथा जोत्यापासून नऊ इंच वर ठेवलाय, म्हणजे गोठा धुताना उडणारं पाणी आणि गोमूत्र लाकडाला लागत नाही. वाळवीलाही चढायचं तर दगडाच्या उघड्या अंगावरून मातीची नळी बांधत यावं लागतं, आणि ती नळी झाडू मारताना दिसते.

[दृश्य: तळखड्यातून वर आलेली सळी, जवळून.]

जुन्या घरांत दगडाला खळगा पाडून खांबाचं टोक त्यात बसवलेलं दिसतं. देखणं काम, पण खळग्यात पाणी साचतं आणि खांब नेमका तिथून कुजतो. म्हणून इथे उलटं केलंय. दगडात गंज न धरणारी सळी रोवली आहे, ती चार इंच वर आली आहे, आणि भोक आहे ते खांबाच्या बुडाला. पाणी साचायला जागाच नाही.

[दृश्य: रानातून आणलेले ओंडके, करवतीवर कापणी.]

खांब आणि तुळया किंजळीच्या, माळा तोलणारे आडवे बाक ऐनाचे, वासे फणसाचे. सगळं लाकूड मालकाच्या स्वतःच्या रानातलं. स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी किंजळ, ऐन, फणस, आंबा, साग हे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या यादीत आहेत. आधी परवानगी, मग कुऱ्हाड. गुरं, चारा आणि अवजारांसाठीच्या बांधकामाला जमीन महसूल संहितेत शेतीची इमारत म्हणून जागा आहे, तरी तलाठ्याकडे विचारून घ्यावं.

तोड पावसाळा सरल्यावर झाली. आता ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाकडे पाहा. मधला गडद भाग म्हणजे गाभा, सालीलगतचा फिकट पट्टा कच्चा. भुंगा आधी याच पट्ट्यात शिरतो, त्याचं पिवळट पीठ खाली पडलेलं दिसतं. खांबाला हा पट्टा अजिबात चालत नाही. वाशाच्या एखाद्या कोपऱ्यावर राहिला तर मेस्त्री सोडून देतात, पण तो कोपरा वरच्या बाजूला ठेवत नाहीत.

[दृश्य: सावलीत रचलेले चट्टे, मध्ये आडव्या पट्ट्या.]

कापलेलं लाकूड सावलीत रचलंय. प्रत्येक थराखाली इंचभर जाडीच्या पट्ट्या, त्याही एकावर एक नेमक्या ओळीत. पट्टी सरकली की लाकूड तिथे वाकतं. तोंडांना शेणकाला फासलाय, कारण पाणी तोंडातून सर्वांत लवकर जातं आणि तडे तिथूनच पडायला लागतात. सहा इंची किंजळ आतपर्यंत वाळायला वर्षंच्या वर्षं लागतील. तेवढं कोणी थांबत नाही. मग करायचं एवढंच, की लाकूड पुढे आक्रसणार हे धरून सांधा काढायचा.

[दृश्य: गुण्या, खतावणी, पटाशी. मेस्त्रींचे हात. इथे आठ सेकंद निवेदन नाही, फक्त ठोके.]

खांब सहा बाय सहा इंच, नऊ फूट उंच. तुळई सहा बाय आठ, आणि ती उभी बसते, आठ इंच उंचीत. खांबाच्या डोक्यावर जी जीभ काढली आहे ती कुसू. जाडी दोन इंच, म्हणजे खांबाच्या एक तृतीयांश. लांबी पाच इंच. तुळईच्या पोटात तिच्यासाठी साल, म्हणजे चौकोनी खाच, खोदली आहे, कुसवापेक्षा अर्धा इंच जास्त खोल. हा अर्धा इंच महत्त्वाचा आहे. तो नसेल, तर तुळई आक्रसली की कुसवाचं टोक सालीच्या तळाला टेकतं आणि सगळा भार खांबाच्या खांद्यांऐवजी त्या जिभेवर येतो. मग जीभ चिरते.

साल खोदायला आधी गिरमिटाने ओळीत भोकं पाडतात, मग पटाशीने भिंती सरळ करतात. भिंत आत पोट काढून राहिली तर कुसू अर्ध्यातच अडकतो. अशा वेळी घण मारून बसवायचा मोह होतो. मेस्त्री तो बाहेर काढतात, सालीत कोळशाची पूड लावून पुन्हा घालून बघतात, आणि जिथे काळं उठलं तेवढंच तासतात.

[दृश्य: खुंटी ठोकताना, अगदी जवळून.]

आता खुंटी. सगळ्या चौकटीत खिळा नाही, बोल्ट नाही. लोकांना हे पाहायला आवडतं, आणि हल्ली सिमेंटच्या खांबांवर फळ्या मारून वर खुंटीची नुसती टोकं चिकटवणारेही निघाले आहेत. फोटोत फरक कळत नाही. दोन पावसाळ्यांनी फळीमागे वाळवी लागली की कळतो.

खरी खुंटी इंचभर जाडीची, वाळलेल्या बाभळीची. ती करवतीने कापलेली नाही, कोयत्याने फोडलेली आहे, म्हणजे लाकडाची शीर टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. आणि मुख्य कसब भोकात आहे. तुळईतून आरपार पाडलेलं भोक आणि कुसवातलं भोक एका रेषेत नाहीत. कुसवातलं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खांद्याकडे सरकवलंय. निमुळती खुंटी आत शिरते तशी ती कुसवाला वर खेचते आणि सांधा आवळला जातो. ओली चौकट वाळून आक्रसली तरी हा ताण काही प्रमाणात शिल्लक राहतो. दोन सूत सरकवलं तर खुंटी वाकते किंवा कुसवाचं टोक फाटून निघतं. खुंटी स्वतः ओली असेल तर वर्षात सैल होते. म्हणून खुंट्या सगळ्यांत आधी फोडून चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवल्या होत्या.

[दृश्य: खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपा टेकू.]

हा तिरपा टेकू इथल्या जुन्या मांगरांत सहसा दिसत नाही. तिथे आडवा जोर चिऱ्याच्या जाड भिंती घेत. इथे भिंत कंबरेपर्यंतच आहे, वर मोकळं. टेकू नसता तर वाऱ्याने अख्खी चौकट एका बाजूला कलली असती. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. छपरं किती उडाली ते कोकणाला माहीत आहे. टेकू चार बाय चार इंचाचा, दोन्हीकडे कोपऱ्यापासून तीन-तीन फुटांवर टेकलेला. तो दाबावर काम करतो, ओढीवर नाही, म्हणून प्रत्येक चौकटीत दोन्ही बाजूंना हवा. लांबीच्या दिशेलाही तसेच टेकू आहेत.

[दृश्य: पहिली चौकट जोत्यावर आडवी. माणसं दोर लावतायत.]

तीन खांब, एक तुळई, मध्ये आढ्यासाठीचा आखूड उभा, टेकू. अशी एक चौकट साडेतीनशे-चारशे किलो भरते. ती आडवी जुळवून उभी करायची. दोन लांब बांबूंची कात्री, वर दोर, मागच्या बाजूला आवरते दोन दोर. खांबांची बुडं सरकू नयेत म्हणून तळखड्यांच्या पुढे जाड ओंडका पाचर मारून बसवलाय. चौकट पंचेचाळीस अंशांपर्यंत खांद्यांवर येते, पुढे कात्रीवर. धोका मात्र शेवटच्या दोन हातांत असतो, कारण तिथे ती स्वतःच्या वजनाने पलीकडे झुकते. मागच्या दोरावरची माणसं तेव्हाच कामाची.

[इथे निवेदन नाही. मेस्त्रींचा आवाज राहू द्यावा: “सावकास... सावकास...” चौकट सळ्यांवर बसेपर्यंत.]

ओळंबा दोन बाजूंनी लावतात. तात्पुरते बांबू आडवे बांधले जातात आणि मग दुसरी चौकट. चारही उभ्या राहिल्या की बाजूच्या लांब तुळया वरून सालीत उतरवायच्या, शेवटी आढं. चौतीस फुटांचं अखंड लाकूड मिळत नाही, म्हणून आढ्याला जोड आहे. जोड तिरपा, दोन फुटांचा, आणि बरोबर आखूड उभ्याच्या डोक्यावर. गाळ्याच्या मधोमध जोड आला असता तर आढं तिथेच बसलं असतं.

[दृश्य: वासे चढतायत.]

छपराला दर फुटाला साडेसात इंच चढ. मधल्या ओळीपासून भिंत नऊ फूट, म्हणजे आढं तुळईपेक्षा साधारण पाच फूट साडेसात इंच वर. उतार याहून कमी ठेवला तर नैऋत्येच्या वाऱ्यात पाणी कौलाच्या सांध्यातून उलटं चढतं. जास्त ठेवला तर लाकूड आणि कौलं दोन्ही वाढतात. वासे दोन-दोन फुटांवर, तीन बाय चार इंचाचे, तेरा फूट लांब. त्यातले दोन फूट बाहेर, पागोळीचं पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून. वासा बाजूच्या तुळईवर बसतो तिथली खाच वाशाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून खोल नाही. खोल गेली की बाहेरचा तुकडा कौलांच्या भाराने मोडतो.

वाशांवर पोफळीच्या रिपा, म्हणजे कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या. पोफळीचं बाहेरचं कवच घट्ट, आतला भुसा काढून टाकलेला. दोन रिपांमधलं अंतर पुस्तकातून घ्यायचं नाही. आणलेल्या कौलांतली दहा-बारा जमिनीवर एकमेकांत अडकवून मोजायचं. भट्टीप्रमाणे माप थोडं बदलतं, आणि अर्ध्या इंचाची चूक आढ्यापर्यंत जाताना अर्ध्या फुटाची होते.

[दृश्य: कौलं हातोहात वर जातायत.]

मंगलोरी कौल. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे कोकणात नळीच्या कौलांच्या जागी हेच आलं. या छपराचं क्षेत्र सुमारे पावणेनऊशे चौरस फूट. कौलं साडेबाराशे लागतात, फुटीसह साडेतेराशे आणली आहेत. वजन सव्वातीन टनांच्या आसपास, पावसात भिजल्यावर त्याहून जास्त. म्हणून दोन्ही पाख्यांवर, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवर, एकाच वेळी, खालून वर चढत जायचं. एकच पाखं आधी भरलं तर नवी चौकट त्या बाजूला रेटली जाते. कौलाच्या मागच्या नाकाला भोक असतं. खालच्या दोन ओळी आणि दोन्ही कडा त्यातून तार घालून रिपांना बांधल्या आहेत. वारा कौल उचलायला सुरुवात तिथूनच करतो.

आढ्यावरच्या कोन्यांना, म्हणजे माथ्यावरच्या कौलांना, चुन्याचा माल, सिमेंट अगदी थोडं. नुसतं सिमेंट पहिल्या उन्हाळ्यात तडकतं.

[दृश्य: आतून. माळा, गव्हाण, पश्चिमेची बाजू.]

गव्हाण खांबांच्या मधल्या ओळीत, एका गुराला चार फूट जागा. फरशी खडबडीत दगडाची, मोरीकडे दर चार फुटांना इंचभर उतार. गुरांवरचा माळा घट्ट फळ्यांचा आहे, खालची वाफ पेंढ्याला लागून तो बुरसू नये म्हणून. कणग्यांवरच्या गाळ्यात मात्र फटी ठेवलेल्या बांबूच्या कामट्या चालतात. पश्चिमेला माडाच्या चुडतांचे झाप, ते दरवर्षी बदलायचे. वाशांना आणि तुळयांना काजूच्या टरफलाचं तेल दिलंय. हातमोज्यांशिवाय ते लावू नये, कातडीवर फोड येतात. गुरांची जीभ पोचेल तिथे, म्हणजे खांबांच्या खालच्या पाच फुटांना आणि गव्हाणीला, ते मुळीच लावायचं नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर सगळ्या खुंट्या एकदा पुन्हा ठोकायच्या, म्हणून टोकं दोन इंच बाहेर ठेवली आहेत. पूर्वेच्या चार खांबांवर आणखी चार रिकाम्या साली दिसतायत. त्या शेळ्यांच्या पडवीसाठी. पडवी पुढच्या हंगामात, लाकूड वाळल्यावर.