रस्त्याकडे पाठ करून बसलेलं घर

[दृश्य : फ्लशिंगमधला भर दुपारचा रस्ता, चिनी-कोरियन पाट्या]

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातलं हे फ्लशिंग. नॉर्दर्न बुलेव्हार्डवर गाड्यांची रीघ. त्या कडेला उतरत्या छपराचं एक जुनं लाकडी घर. याचं पुढचं दार रस्त्यावरून दिसत नाही, कारण रस्त्याकडे घराची पाठ आहे. वळसा घालून मागे गेलं की कबरस्तान लागतं आणि त्याच्याकडे तोंड केलेली दोन दारं. एक पुरुषांसाठी, एक बायकांसाठी. आता कोणीही कुठूनही आत जातं.

हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं मीटिंग हाउस, म्हणजे प्रार्थनेला जमायचं घर. बांधलं १६९४ साली. शहरातलं हे सर्वांत जुनं प्रार्थनास्थळ.

[दृश्य : आतली बाकं, छताच्या तुळया]

आत क्रूस नाही, वेदी नाही, पाद्रीही नाही. नुसती बाकं आणि वर हातानं तासलेल्या ओकच्या तुळया. लोक येतात, बसतात, गप्प राहतात. कोणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर उठून बोलायचं, नाहीतर तासभर शांतता. देव प्रत्येकाच्या आत आहे, मग मध्ये दलाल कशाला, हा त्यांचा साधा हिशोब.

हाच हिशोब सतराव्या शतकात महागात पडला. तेव्हा हा मुलूख डचांचा. गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट एका लाकडी पायाचा आणि भलता कडक. क्वेकराला घरात थारा देईल त्याला दंड, असं फर्मान त्यानं काढलं.

२७ डिसेंबर १६५७ रोजी गावातल्या तीस जणांनी त्याला निवेदन दिलं. आपल्याकडे तहसील कचेरीत देतात, तसंच. दारी आलेल्यावर आम्ही हात उगारणार नाही, मग तो कोणत्याही पंथाचा असो, असा त्याचा आशय. ज्यू आणि तुर्क यांचाही त्यात उल्लेख होता. यातली खरी गंमत अशी, की सह्या करणारे स्वतः क्वेकर नव्हते. शेजाऱ्यासाठी त्यांनी मान पुढे केली. निवेदन लिहिणारा गावचा कारकून एडवर्ड हार्ट तुरुंगात गेला. ते नेऊन देणाऱ्या टोबायस फीकची नोकरी गेली.

[दृश्य : बाऊन हाउस]

पाच वर्षांनी पाळी आली जॉन बाऊनची. त्याची बायको हॅना आधी क्वेकर झाली, मागोमाग तोही. आपल्या घरात तो सभा भरवू लागला. १६६२ मध्ये पकडला गेला. दंड भर, सुटशील, असं सांगितलं, तो भरेना. शेवटी त्याला जहाजात घालून हद्दपार केलं. बाऊननं ॲम्स्टरडॅम गाठलं आणि ही वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीपुढे गाऱ्हाणं मांडलं. कंपनीनं १६६३ मध्ये स्टायव्हेसंटला लिहिलं : लोकांच्या मनावर जबरदस्ती नको, निदान डोळेझाक तरी कर. हे निव्वळ औदार्य नव्हतं. वसाहत नवी, माणसं हवी होती, आणि छळ ऐकून कोण येणार? व्यापाऱ्याची अक्कल म्हणा. बाऊन घरी परतला.

क्वेकर म्हणजे सगळेच संत, असं मात्र समजू नये. त्यांच्यातही गुलाम बाळगणारे होते. हे बरोबर आहे का, हा प्रश्न त्यांच्या सभांतून पुन्हा पुन्हा निघाला आणि सुटायला कित्येक दशकं गेली. या सभांत मतदान नसतं. बहुमतानं कोणाला गप्प करता येत नाही. सगळ्यांचं मन एका ठिकाणी येईपर्यंत थांबायचं. थांबण्याची किंमत गुलामांनी मोजली, हेही तितकंच खरं.

[दृश्य : कबरस्तान, पावसात भिजलेलं गवत]

इथल्या जुन्या कबरींवर दगड नाहीत. मेल्यावर लहानमोठं कशाला, म्हणून १८४८ पर्यंत नावं कोरायला मनाईच होती. बाऊन १६९५ मध्ये गेला. त्याची कबर नेमकी कुठली, हे सांगणारा एकही दगड नाही.

नाव राहिलंय रस्त्याला. बाऊन स्ट्रीटवर त्याचं घर अजून आहे, आणि त्याच रस्त्यानं पुढे चालत गेलं की गणपतीचं देऊळ लागतं, १९७७ सालचं. तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा झकास मिळतो.

[दृश्य : रविवार सकाळ, मीटिंग हाउस]

बाकांवर थोडीच माणसं. बाहेर बसचा हॉर्न वाजतो. कोणी मान वर करत नाही. तास संपतो. एक बाई शेजारच्याचा हात हातात घेते, मग तो पुढच्याचा. सभा संपली, हे सांगायची त्यांची हीच रीत.